नुसतं धाडस पुरत नाही

2024 च्या ऑगस्टमध्ये ढाक्यातलं आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये काठमांडूतलं सरकार कोसळलं, तेही तरुणांच्या आंदोलनांनी, तेव्हापासून आपल्याकडे ‘जेन-झी’ म्हणजे आजची तरुण पिढी हा चर्चेचा बारमाही विषय होऊन बसला आहे. एका तटाचं म्हणणं असं, की पोरांनी शिकावं, नोकरीला लागावं, पाच वर्षांनी मत द्यावं. रस्त्यावर उतरणं म्हणजे हुल्लडबाजी. दुसरा तट म्हणतो, तरुणाई पेटली की भल्याभल्यांची सिंहासनं हलतात, बघाच तुम्ही. दोन्ही तट एकमेकांवर तुटून पडतात खरे, पण दोघांचं गृहीत एकच आहे. तरुणांचं आंदोलन म्हणजे संतापाचा स्फोट. एकाला त्याची भीती वाटते, दुसऱ्याला भुरळ पडते. हे गृहीतच मला मान्य नाही. सविनय कायदेभंग हा स्फोट नसतो. ते शिकून, सराव करून, हिशेब मांडून करायचं काम आहे, आणि तरुण ते फार चांगलं करू शकतात. त्याची कसोटी किती जण उतरले ही नव्हे. काय मागितलं, कुठल्या जागी मागितलं, शिक्षा कोण भोगणार आणि दुसऱ्या दिवशी वाटाघाटीच्या टेबलावर कोण बसणार, या प्रश्नांना उत्तरं होती का, ही कसोटी आहे. काठमांडूत 8 सप्टेंबरला गोळीबारात 19 जण गेले, दुसऱ्या दिवशी सिंहदरबार हे सरकारचं मुख्यालय जळलं. त्या संतापामागची कारणं खोटी नव्हती. पण तो उठाव होता, सविनय कायदेभंग नव्हे. दोन्ही एकाच पोत्यात भरले की वाद सुरू होण्याआधीच भरकटतो.

मग सविनय कायदेभंग दिसतो कसा? त्यासाठी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल हे शहर आणि 1960 साल बघावं. निवडीला एक कारण असंही आहे, की या गोष्टीची एक मुळी नागपुरात आहे. जेम्स लॉसन हा तरुण कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार देऊन तेरा महिने तुरुंगात राहिला, आणि सुटल्यावर 1953 मध्ये मेथॉडिस्ट मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. इथे तो मुलांना खेळ शिकवायचा आणि गांधींच्या चळवळी कशा चालल्या याचा अभ्यास करायचा. अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात काळ्या नागरिकांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्याने नागपूरच्या इंग्रजी दैनिकात वाचली. 1956 मध्ये तो परतला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला ताबडतोब दक्षिणेत यायला सांगितलं, आणि पुढे नॅशव्हिलच्या एका चर्चच्या तळघरात त्याचे वर्ग भरू लागले.

या वर्गांत आधी प्रश्न ठरवला गेला, घोषणा नंतर. वर्णभेद संपवा ही मागणी रास्त असली तरी तिचा पत्ता कुठला? ती कुणाच्या टेबलावर ठेवायची? लॉसनने शहरातल्या काळ्या बायकांना विचारलं, की रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त कुठे टोचतं. उत्तर आलं, बाजारपेठेत. मोठ्या दुकानात साडेतीन तास खरेदी करा, पैसे घ्यायला कुणाची हरकत नाही. पण त्याच दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर पोरांना घेऊन पाच मिनिटं टेकता येत नाही. जागा ठरली. तिच्यात चार फायदे होते. दुकानाला मालक होता, म्हणजे निर्णय घेणारा माणूस होता. त्याच्या गल्ल्यात काळ्या ग्राहकांचा पैसा होता, म्हणजे दबाव टाकता येत होता. अन्याय उघड दिसत होता, समजावून सांगावा लागत नव्हता. आणि मुलं जे करणार होती तीच त्यांची मागणी होती: खुर्चीवर बसायचं आणि खायला मागायचं.

नोव्हेंबर 1959 च्या अखेरीस एका दुकानात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला दुसऱ्या दुकानात एक छोटा गट नुसता चाचपणीसाठी गेला. बसले, मागितलं, नकार मिळाला, व्यवस्थापकाला भेटून कारण विचारलं आणि उठून आले. आरडाओरडा नाही, बातमी नाही. यातून दोन गोष्टी हाती लागल्या. नकार हे दुकानाचं धोरण आहे, एखाद्या वेटरचा तऱ्हेवाईकपणा नव्हे, हे खुद्द व्यवस्थापकाच्या तोंडून वदवून घेतलं गेलं; आणि काउंटर कुठे, खुर्च्या किती, बाहेर पडायची वाट कोणती, हे डोळ्यांखालून गेलं. दरम्यान तळघरात सराव चालूच होता. अर्धी मुलं आंदोलक, अर्धी हल्लेखोर. हल्लेखोरांनी शिव्या द्यायच्या, थुंकायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. आंदोलकांनी डोकं आणि पोट कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून कसं बघायचं, एकट्यावर मार पडत असेल तर बाकीच्यांनी आपलं अंग मध्ये घालून तो मार कसा वाटून घ्यायचा, हे घटवायचं. घटवायचंच, कारण गालावर थुंकी पडल्यावर हात आपोआप उठतो, आणि ‘आपण अहिंसावादी आहोत’ हे वाक्य तेव्हा डोक्यात असून उपयोग नसतो. ज्याला हे जमणार नाही त्याला बाहेरची कामं दिली जायची, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटू दिला जात नसे.

1 फेब्रुवारी 1960 ला ग्रीन्सबरो या दुसऱ्या शहरात चार विद्यार्थी फारशा तयारीविना असेच काउंटरवर जाऊन बसले आणि देशभर ठिणगी पडली. म्हणजे तयारीनेच सगळं होतं असं मी म्हणत नाही. नॅशव्हिलवाले वर्षभर तयारी करत राहिले आणि पहिला मान दुसरीकडे गेला. पण ठिणगी पडल्यावर आंदोलन पेलायची ताकद कुणात होती, हा पुढचा प्रश्न. 13 फेब्रुवारीच्या आदल्या बैठकीत वडीलधारी मंडळी म्हणाली, थांबा, जामिनाला पैसे नाहीत. खरंच नव्हते, संघटनेकडे शंभर डॉलरसुद्धा नव्हते. मुलं थांबली नाहीत. दुसऱ्या दिवशी 124 जण तीन दुकानांत जाऊन बसले. शहराची लोकसंख्या होती एक लाख सत्तर हजार. आंदोलन यशस्वी व्हायला लोकसंख्येच्या साडेतीन टक्के लोक लागतात, असा एक आकडा हल्ली समाजमाध्यमांवर मंत्रासारखा फिरतो. तो राजवटी उलथवणाऱ्या आंदोलनांच्या अभ्यासातून आलेला आहे, कुठल्याही आंदोलनाला लावायचं माप नव्हे. नॅशव्हिलचे पहिल्या दिवशीचे आंदोलक एक दशांश टक्कासुद्धा नव्हते.

त्यांच्यासाठी दहा नियमांचा कागद तयार झाला. लिहिणाऱ्यांत विशीतला जॉन लुइस होता. मारलं किंवा शिवी दिली तरी उलट वागू नका. मोठ्याने हसू नका. दुकानातल्या माणसाशी वाद घालत बसू नका. पुढारी सांगेपर्यंत खुर्ची सोडू नका. दुकानाचं दार आणि आतली वाट अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. चौकशी करणाऱ्याला पुढाऱ्याकडे पाठवा. यातला वाट न अडवण्याचा नियम मला सगळ्यात बोलका वाटतो, कारण आपला रास्ता रोको नेमका उलट चालतो. तिथे झळ बसत होती दुकानदाराला, ज्याच्या हातात निर्णय होता. आपल्याकडे झळ बसते ती एसटीत अडकलेल्या परीक्षार्थीला आणि रुग्णवाहिकेला, आणि ज्याने निर्णय घ्यायचा तो मंत्री हेलिकॉप्टरने निघून जातो. सरकार आंदोलनाला आझाद मैदानात कोंडतं, तिथे बसलेल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, मग रस्ता अडवण्यावाचून उरतं काय, असं कार्यकर्ते विचारतात. ही तक्रार खरी आहे. पण दिसायला हवं म्हणून कुणालाही अडवा हे तिचं उत्तर होत नाही. निर्णय ज्याच्या हातात आहे त्याचंच कामकाज अडेल अशी जागा शोधणं कठीण असतं. म्हणून तर नॅशव्हिलला तयारीत वर्षभर लागलं.

27 फेब्रुवारीला जमावाने बसलेल्या मुलांना मारलं, आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना. 81 जण. पोलिसांचा अंदाज होता, की पहिली तुकडी उचलली की खेळ खलास. पहिली तुकडी बाहेर नेली तोच दुसरी त्याच खुर्च्यांवर बसली, मग तिसरी. न्यायालयाने माणशी 50 डॉलर दंड केला. अनेकांनी तो भरायला नकार देऊन कोठडी पत्करली. दंड भरला की प्रश्न व्यक्तीपुरता मिटतो आणि तिजोरी रिकामी होते. न भरल्यास शहराला सुशिक्षित, नीटनेटक्या कपड्यांतल्या मुलांना पोसावं लागतं आणि रोज उत्तर द्यावं लागतं. विद्यार्थ्यांच्या समितीचं अध्यक्षपद फिरतं ठेवलं होतं, म्हणजे एकाला उचलल्याने चळवळ पोरकी होत नव्हती. बाहेर काळ्या वस्तीने ईस्टरच्या ऐन हंगामात बाजारपेठेवर बहिष्कार घातला, आणि गोंधळाच्या भीतीने गोरे ग्राहकही फिरकेनासे झाले.

एप्रिलच्या सुरुवातीला महापौरांच्या समितीने तोडगा काढला: काउंटरचे दोन भाग करा, एक फक्त गोऱ्यांसाठी, एक सगळ्यांसाठी. दमलेल्या, परीक्षा तोंडावर आलेल्या मुलांनी हे घेतलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी नाकारलं. अर्धा वर्णभेद म्हणजे वर्णभेदच, हे उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, कारण काय मागायचं आणि कशावर तडजोड नाही हे महिनोन्महिने घोळवून झालेलं होतं. 19 एप्रिलला पहाटे त्यांच्या वकिलाच्या, अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक घोषणा न देता नगरभवनावर चालत गेले, आणि 21 वर्षांच्या डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं, की वर्णावरून एखाद्याला खायला नाकारणं तुम्हाला माणूस म्हणून योग्य वाटतं का. त्यांनी नाही म्हणून कबूल केलं. पण कबुलीने काउंटर उघडत नाहीत. त्यानंतर तीन आठवडे दुकानदारांशी बैठका झाल्या आणि ठरलं, की सुरुवातीला थोडेच निवडक ग्राहक ठरल्या वेळी येतील, कर्मचाऱ्यांना आधी सांगून ठेवलं जाईल आणि वर्तमानपत्रांत गाजावाजा होणार नाही. 10 मे रोजी सहा दुकानांचे काउंटर खुले झाले. विजयाचा गुलाल न उधळण्याची अट मान्य करणं, हे आजच्या किती संघटनांना जमेल?

आता लंडनकडे वळतो. 14 ऑक्टोबर 2022 ला खनिज तेलाविरुद्ध लढणाऱ्या ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या संघटनेच्या दोन तरुणींनी नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर टोमॅटो सूप फेकलं. चित्राला काच होती, नुकसान झालं चौकटीचं. शिक्षा झाली एकीला दोन वर्षं, दुसरीला वीस महिने. जुलै 2024 मध्ये याच संघटनेच्या पाच जणांना महामार्ग अडवण्याचा कट ऑनलाइन बैठकीत रचल्याबद्दल चार ते पाच वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती काहीशी कमी झाली. ही शिक्षा अवाजवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. त्या मुलांमध्ये धाडस होतं, शिस्त होती, त्यांनी कुणावर हात उचलला नाही, पळून गेली नाहीत. म्हणजे नॅशव्हिलच्या अर्ध्याहून अधिक अटी त्यांनी पाळल्या. राहिली ती एक: कृतीतच मागणी दिसणं. काउंटरवर बसणाऱ्याला बघून प्रश्न पडतो, याला खायला का देत नाहीत? सूप फेकणारीला बघून पडतो, हिने चित्राचं का वाटोळं केलं? पहिला प्रश्न दुकानदाराकडे बोट दाखवतो, दुसरा आंदोलकाकडे. लक्ष वेधणं आणि लक्ष योग्य जागी नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर लगेच उत्तर येतं, आणि ते बिनतोड असल्यासारखं दिलं जातं: लोकांना तर नॅशव्हिलचे आंदोलकही आवडत नव्हते. बरोबर. 1961 च्या गॅलपच्या जनमत पाहणीत, काउंटरवरचे ठिय्ये आणि बसमधला वर्णभेद मोडण्यासाठी काढलेल्या बसफेऱ्या यांनी काळ्यांच्या मागणीला मदत होते की बाधा येते असं विचारलं, तेव्हा 57 टक्के अमेरिकनांनी बाधा म्हटलं, 28 टक्क्यांनी मदत. तेव्हा ‘जनमत विरोधात जातंय’ एवढ्यावरून आंदोलन फसलं असं ठरवता येत नाही, हे मान्य. पण यावरून अप्रिय असणं हेच यशाचं लक्षण ठरतं का? यशस्वी ठरलेली अप्रिय आंदोलनं आपल्याला आठवतात; अप्रिय होऊन विरून गेलेली आठवत नाहीत, एवढंच. नॅशव्हिलला देशाचं मत जिंकायचं नव्हतं. सहा दुकानदार, एक महापौर आणि आपल्या वस्तीतले ग्राहक, एवढ्यांचं वागणं बदलायचं होतं. कुणाचं मत लागतं याचा हिशेब आधी केलेला असला की बाकीच्यांची नाराजी परवडते.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो डॉ. आंबेडकरांचा आहे. 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की संवैधानिक मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांना समर्थन नाही. ही अराजकाची पद्धत आहे, ती जितक्या लवकर सोडू तितकं बरं. हा आक्षेप टाळून पुढे जाणारे लेख मला अप्रामाणिक वाटतात. अराजकाच्या परंपरेत देश कसे बुडतात हे आपण शेजारी बघतोच आहोत. पण त्या वाक्यातली अट वाचायला हवी: मार्ग खुले असताना. मार्ग कागदावर खुला आणि प्रत्यक्षात बंद असेल तेव्हा काय करायचं, याचं उत्तर बाबासाहेबांनीच बावीस वर्षं आधी महाडला दिलं होतं.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 4 ऑगस्ट 1923 ला मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला. 19 आणि 20 मार्च 1927 ची परिषद भरली तेव्हा प्रतिनिधींना प्यायला सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, आणि तळं हाकेच्या अंतरावर. या परिषदेमागे धावपळ करणारे आर. बी. मोरे चोवीस वर्षांचे होते. लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. यात कुठला कायदा मोडला? एकही नाही. मोडला तो रिवाज. (नॅशव्हिलमध्येही काउंटर वेगळे ठेवा असं सांगणारा कायदा नव्हता, ती दुकानांची रीत होती, मुलांवर लावलं ते शांतताभंगाचं कलम.) म्हणून ‘कायदा मोडला’ असं ओरडणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा, कुठला?

डिसेंबरमध्ये चित्र पालटलं. सवर्णांनी तळं खासगी असल्याचा दावा लावून न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. दुसऱ्या परिषदेला हजारो लोक जमले होते, तळ्यावर जायचंच या तयारीने आले होते, तुरुंगात जायला नावं नोंदवलेली होती. दोन्ही बाजूंनी भाषणं झाली, जिल्हाधिकारी येऊन बोलून गेले, आणि अखेर सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक तळ्याभोवती फिरून परत आली. त्या दिवशी किती जणांचा हिरमोड झाला असेल! पण न्यायालयाचा हुकूम मोडायचा की न्यायालयातच लढायचं, हा निर्णय जमावाच्या जोशावर न सोडता तो सभेत चर्चेला टाकला गेला, आणि मग खटला दहा वर्षं लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 ला लागला, तळं खुलं झालं. मार्चमधली कृती आणि डिसेंबरमधला संयम यांत विसंगती नाही. कागदावरचा हक्क वापरून बघा, आडवा आला तो कोण हे जगाला दिसू द्या, आणि जे दार खरोखर किलकिलं आहे त्यातून आत शिरा. 1949 च्या भाषणाला मी याच रांगेत ठेवतो. त्याच भाषणात त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांचा विरोध लवकर मिटवला नाही तर विषमता सोसणारेच ही लोकशाही उधळून देतील, असंही बजावलं होतं. हा भाग उद्धृत करणाऱ्यांच्या हातून बहुधा गळतो.

पुढचा आक्षेप: हे सगळं लाजेकाजेला जागणाऱ्या सत्तेपुढे चालतं. यात तथ्य आहे. नॅशव्हिलमध्ये मुलं कोठडीत जात होती त्याच मार्चच्या 21 तारखेला दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलला लोक पासकायद्याविरुद्ध, म्हणजे काळ्यांवरच्या ओळखपासाच्या सक्तीविरुद्ध, स्वतःला अटक करवून घ्यायला पोलीस ठाण्यावर निःशस्त्र गेले, आणि पोलिसांनी 69 जणांना गोळ्या घातल्या. गोव्याच्या सीमेवर 15 ऑगस्ट 1955 ला सत्याग्रही तिरंगा घेऊन शिरले, पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक हुतात्मे झाले. गोवा मुक्त झाला तो सहा वर्षांनी, सैन्य पाठवल्यावर. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला लिस्बनमध्ये ना निवडणुकीची चिंता होती ना वर्तमानपत्रांची. समोरचा कोण आहे हे न बघता मुलांना पुढे पाठवणारा पुढारी गुन्हेगार ठरतो.

पण मवाळ दिसणारा शत्रूही हरवू शकतो, हे आक्षेप घेणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. जॉर्जियातल्या ऑल्बनीत 1961–62 मध्ये पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेटने आंदोलकांच्या पद्धतीचा आधी अभ्यास केला. पोलिसांना ताकीद दिली, की कॅमेऱ्यासमोर कुणाला मारायचं नाही. आसपासच्या परगण्यांतल्या तुरुंगांमध्ये आधीच जागा राखून ठेवल्या. तुरुंग भरून टाकू हा आंदोलकांचा पवित्रा, तर त्याचे तुरुंग भरेनातच; आंदोलकांची माणसं मात्र संपत आली. शिवाय त्यांनी बस स्थानक, ग्रंथालय, बागा, मतदान असं सगळंच एकदम मागितलं होतं. किंग यांनी पुढे कबूल केलं, की एकाच ठोस गोष्टीवर जोर द्यायला हवा होता. म्हणजे क्रूर सत्तेपुढे आंदोलन चिरडलं जातं आणि हुशार सत्तेपुढे थकून जातं. आपल्याकडे ‘निवेदन स्वीकारलं, समिती नेमली, लेखी आश्वासन दिलं’ या मालिकेने किती उपोषणं संपली याचा विचार करा. त्यावर उपाय धाडसाचा नाही. आश्वासनात तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि न पाळल्यास पुढचं पाऊल काय, हे लिहून घेण्याचा आहे.

सगळ्यात अवघड मुद्दा वयाचा आणि किमतीचा. 2 मे 1963 ला अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये किंग यांचा सहकारी जेम्स बेव्हेल याने वर्णभेदाविरुद्ध शाळकरी मुलांना रस्त्यावर उतरवलं. त्याचा युक्तिवाद व्यवहारी होता: मोठी माणसं तुरुंगात गेली तर नोकरी जाते, घराचे हप्ते थकतात, मुलांचं तसं नाही. पहिल्या काही दिवसांतच हजारावर मुलं अटकेत गेली, पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्री त्यांच्या अंगावर सोडली गेली, आणि शहर झुकलं. पुढे शिक्षण मंडळाने 1,081 विद्यार्थ्यांना काढून टाकलं. ते वरच्या न्यायालयाने दोन दिवसांत फिरवलं. आंदोलन जिंकलं म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलांना फवाऱ्यासमोर उभं करणं योग्य ठरतं का? मला नाही वाटत. संमती देण्याइतकी समज ही किमान अट हवी, आणि ती पाळल्याने एखादं आंदोलन हरत असेल तर हरू द्यावं. महाविद्यालयातल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना मताचा अधिकार आहे, कर्ज काढता येतं, सैन्यात जाता येतं. मग अटक ओढवून घेण्याएवढी अक्कल त्यांना नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

किंमत काय हे मात्र त्यांना घोषणेआधी सांगितलं गेलं पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी सांगितलं जात नाही. मनाई आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, जिवाला धोका पोहोचत असेल तर वर्षभर. महाराष्ट्रात जोडीला पोलीस अधिनियमाचं 37 आणि 135 येतंच. इथवर प्रकरण जामिनाचं आहे. पण हवालदाराशी झटापट झाली, गणवेशाची गुंडी तुटली, की सरकारी कामात अडथळ्याचं कलम 132 लागतं आणि ते अजामीनपात्र आहे. एसटीची काच फुटली की सार्वजनिक मालमत्तेचा 1984 चा कायदा, पाच वर्षांपर्यंत. त्यामुळे ‘हात उचलायचा नाही’ हा नियम नुसता नैतिक नाही. तो पहिल्या कलमातून दुसऱ्यात न जाण्याचा नियम आहे. खटला वर्षानुवर्षं चालतो, आणि त्या काळात पारपत्राची पोलीस पडताळणी, सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी, दोन्हींत ‘प्रलंबित गुन्हा’ हे शब्द येतात. सरकारं राजकीय गुन्हे मागे घेतात खरी, पण कधी घेतील हे त्यांच्या मर्जीवर. गावातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या, स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलीला आणि शहरातल्या वकिलाच्या मुलाला ही किंमत सारखी पडत नाही. चांगली संघटना हे ओळखते. अटक कुणी व्हायचं आणि कुणी मुळीच व्हायचं नाही याच्या दोन याद्या आदल्या दिवशी करते. प्रत्येकाचं नाव, घरचा फोन, चालू असलेली औषधं एका कागदावर, आणि तो कागद न पकडल्या जाणाऱ्या माणसाकडे. वकिलाचा नंबर फोनमध्ये नव्हे, मनगटावर पेनाने लिहिलेला, कारण फोन जप्त होतो. जामीनदार आधी ठरलेले, त्यांचे सातबारे किंवा पगारपत्रकं तयार. माध्यमांशी बोलणारा एकच. चित्रीकरण करणारे दोघे, अंतरावर उभे. हे सगळं कंटाळवाणं आहे, त्याचं रील होत नाही, आणि याच्याविना निघालेला मोर्चा पहिल्या लाठीला पांगतो.

या कामात वडीलधाऱ्यांना जागा आहे, ती कौतुकाची किंवा उपदेशाची नव्हे. नॅशव्हिलला चर्चने तळघर दिलं, लूबींनी वकीलपत्र घेतलं आणि घर गमावलं, काळ्या गृहिणींनी ईस्टरचे नवे कपडे घेतले नाहीत. महाडला नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस स्वतः परिषदेच्या बाजूने उभे राहिले. विद्यापीठाने मात्र उलट केलं: व्हँडरबिल्टने मार्च 1960 मध्ये लॉसनला धर्मशास्त्राच्या वर्गातून काढून टाकलं, तेव्हा निषेध म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले. याच विद्यापीठाने 2006 मध्ये त्याला सन्मानाने शिकवायला बोलावलं. मधली सेहेचाळीस वर्षं गेली. आपल्याकडे काही संस्था प्रवेशाच्या वेळीच मुलांकडून, आणि पालकांकडूनही, कुठल्याही आंदोलनात भाग घेणार नाही असं हमीपत्र लिहून घेतात. त्या हमीपत्रावर पालकांनी सही करू नये, आणि प्राचार्यांनी ते छापू नये.